दुसऱ्याच्या अंगातला स्वेटर

थंडी पडली की पुण्यातल्या आयटीवाल्याचे दोनच अवतार पाहायला मिळतात. अवतार पहिला: कंपनीनं कुठल्याशा वर्धापनदिनाला फुकट वाटलेला, छातीवर लोगो मिरवणारा पॉलिएस्टरचा हूडी. अवतार दुसरा: मनालीच्या ट्रिपसाठी सेलमध्ये घेतलेलं, गादीसारखं फुगलेलं जॅकेट. हे जॅकेट मनालीत चार दिवस आणि नंतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चार वर्षं वापरलं जातं. दोन्ही अवतारांत माणूस सकाळी आठला कुडकुडतो, दुपारी दोनला घामाघूम होतो आणि दिवसभर गबाळा दिसतो. शंभर रिव्ह्यू वाचल्याशिवाय साधा हेडफोन न घेणारी ही मंडळी. पण अंगात काय घालतो याचा विचार मात्र शून्य.

त्यावर माझं एक साधं म्हणणं आहे. थंडीसाठी नवीन काही विकत घेऊ नका. चांगल्या लोकरीचा, कुणीतरी आधी वापरलेला स्वेटर शोधा. तो शर्टावर घाला, वर एखादं पातळ जॅकेट चढवा. ऊब जास्त मिळेल, पैसे कमी जातील आणि चारचौघांत उठून दिसाल. हे मी गेली काही वर्षं ऑफिसात, कट्ट्यावर, लग्नाकार्यात मांडतोय. स्वेटर छान आहे असं सगळे म्हणतात. तो सेकंडहँड आहे असं कळलं की चेहरा बदलतो. "शी! दुसऱ्याच्या अंगातला?"

आजचा लेख या "शी"बद्दल आहे. पण आधी थंडीबद्दल.

सकाळी दहा, दुपारी तीस

आपल्याकडची थंडी म्हणजे काही लडाखची थंडी नव्हे. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो आणि दुपारी तोच तिशीला टेकतो. म्हणजे एकाच दिवसात वीस अंशांचा फरक. त्यात सकाळी टू-व्हीलरवर वारा खायचा, दिवसभर एसीत बसायचं, दुपारी जेवून टपरीवर उन्हात उभं राहायचं आणि रात्री पुन्हा वारा. या सगळ्याला एकच जाड जॅकेट हे उत्तर असूच शकत नाही. जाड जॅकेटला दोनच सेटिंग असतात: चालू आणि बंद.

इथे लागतात थर. आपल्या धंद्यात कुणाला हे वेगळं सांगायला नको. एकाच थरात सगळं कोंबलं की काय होतं ते आपण रोज निस्तरतो! प्रत्येक थराचं काम वेगळं. अंगालगतच्या थरानं घाम टिपायचा, मधल्यानं ऊब धरायची, वरच्यानं वारा अडवायचा. दुपारी मधला थर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, विषय संपला.

मुळात ऊब कपड्यात नसते, ती कपड्यानं धरून ठेवलेल्या हवेत असते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणून एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे पडतात, कारण थरांच्या मध्येही हवा अडकते. हे शास्त्र आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून त्यांनी ज्या गोधड्या शिवल्या, त्या म्हणजे थरांचाच प्रकार होता. आणि तोही शंभर टक्के जुन्या कपड्यांतून.

लोकर आणि कॅशमिलॉन

आता मधल्या थराबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्या कुरळेपणामुळे विणीत हवेचे असंख्य कप्पे तयार होतात. शिवाय हा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. त्यामुळे घाम येऊनही चिकचिक होत नाही, वासही लवकर लागत नाही. एक चांगला स्वेटर दोन-तीन आठवडे न धुता वापरता येतो, नुसता रात्री वाऱ्यावर टाकायचा. (हे आईला सांगू नका.)

याउलट दुकानात 'वुलन' म्हणून मिळणारा बहुतेक माल ॲक्रिलिकचा असतो. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. १९५० साली अमेरिकेत ऑरलॉन या नावानं ते बाजारात आलं. आपल्याकडच्या आत्या-मावश्यांनी ज्या 'कॅशमिलॉन'च्या लडी आणून आपल्याला स्वेटर विणले, तेही ॲक्रिलिकच. नावात काश्मीर, मालात नाही. मावशीच्या प्रेमाबद्दल मी काही बोलत नाही, ती ऊब खरी होती. पण दुकानात पंधराशे-दोन हजार मोजून घेतलेल्या ॲक्रिलिकला दोन सीझनमध्ये गोळे धरतात, कोपराशी ते चकाकायला लागतं आणि गळा सैल होऊन लोंबतो. वर ते धुतल्यावर त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. एका धुण्यातून!

मग नवीन लोकरी स्वेटर का नको घ्यायला? पैसे असतील तर जरूर घ्या. पण चांगल्या मेरिनोचा किंवा लॅम्ब्सवूलचा नवा स्वेटर सहज पाच-सात हजारांच्या पुढे जातो. तोच वापरलेला त्याच्या दहाव्या भागात मिळतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नवा स्वेटर टिकेल की नाही हे दुकानदार सांगतो. पंधरा वर्षं जुना स्वेटर ते स्वतः सांगतो. जुन्या काळी सगळंच चांगलं बनायचं असला गळा मी काढणार नाही. तेव्हाही भिकार स्वेटर बनतच होते, पण ते कधीच फाटून गेले. जे उरलेत ते पंधरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालून उरलेत. इतकं टेस्टिंग कुठली कंपनी करून देते?

हे स्वेटर येतात कुठून

थंड देशांत हा प्रश्नच पडत नाही. ऑनसाइटला दोन हिवाळे काढले तेव्हा बरोबरची देशी जनता पहिल्याच आठवड्यात मॉलमध्ये जाऊन दोनशे डॉलरचं जॅकेट घ्यायची. माझ्या टीममधला अमेरिकन म्हातारा मात्र मला थ्रिफ्ट स्टोअरमध्ये घेऊन गेला. तिथे सात डॉलरला शेटलंडच्या लोकरीचा स्वेटर मिळाला, तो अजून वापरतोय. त्या देशात हे काही आजचं फॅड नाही. गुडविलची सुरुवात १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्यानं केली. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे गोळा करायचे, गरिबांना दुरुस्तीचं काम द्यायचं आणि ते कपडे विकायचे, अशी ती व्यवस्था होती. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमची दुकानं १९४०च्या दशकापासून आहेत. तिथे प्रोफेसरपासून प्लंबरपर्यंत सगळे जातात, आणि बाहेर पडताना पिशवी लपवत नाहीत.

तिकडच्या दुकानांत जे खपत नाही ते गाठी बांधून जगभर पाठवलं जातं. आपल्याकडे त्याचे दोन मोठे रस्ते आहेत. एक कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रातून जातो. वापरलेले कपडे देशात आणून विकण्यावर निर्बंध आहेत, पण तिथल्या कारखान्यांत या कपड्यांची निवड-पाखड होते आणि बराचसा माल पुढे आफ्रिकेकडे रवाना होतो. दुसरा रस्ता जातो पानिपतला.

होय, तेच पानिपत. १७६१च्या जानेवारीत उपासमारीनं आणि उत्तरेच्या थंडीनं गारठलेलं मराठी सैन्य जिथे कापलं गेलं, तिथे आज जगभरातले जुने स्वेटर कापले जातात. जुने लोकरी कपडे तिथे कपडे म्हणून येत नाहीत, चिंध्या म्हणून येतात. कुणी ते घालायला विकू नयेत म्हणून ते फाडलेले असावे लागतात. तिथल्या बायका त्यांची बटणं, चेन, लेबलं काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रं त्यांचा पिंजून लगदा करतात, त्यातून पुन्हा सूत आणि सुतातून ब्लँकेटं. भूकंप-पुरात मदत म्हणून वाटली जाणारी करडी ब्लँकेटं आठवा, त्यांतली कितीतरी इथली. ही युक्ती मूळची यॉर्कशायरमधल्या बॅटलीची, १८१३च्या सुमाराची. त्या कापडाला इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. अमेरिकन यादवी युद्धात या कापडाचे सैनिकी गणवेश अंगावरच फाटू लागले आणि 'शॉडी' म्हणजे निकृष्ट असा अर्थ रूढ झाला.

मेघना गुप्ता यांचा 'अनरॅव्हल' (२०१२) हा छोटा माहितीपट पानिपतच्या या कामगार बायकांवर आहे. जेमतेम वापरलेले कपडे परदेशातले लोक टाकून का देतात, याचा त्या विचार करतात. त्यांचा एक तर्क असा की तिकडे पाणी फार महाग असेल, धुणं परवडत नसेल. मला हा तर्क हसण्यासारखा वाटला नाही. धडधाकट स्वेटर माणूस टाकून देतो, याला याहून शहाणं कारण मला तरी सुचत नाही.

तर या सगळ्या साखळीतून निसटलेले, किंवा इथल्याच घरांतून निघालेले, चांगले स्वेटर आपल्यापर्यंत येतात. पुण्याचा जुना बाजार आहे, दिल्लीचं सरोजिनी नगर आहे, मोबाईलवरची थ्रिफ्टची दुकानं आहेत. (हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी मंडळी स्टॉल लावतात ते वेगळं. तो माल नवा असतो आणि बहुतेक लुधियानाचा.) आणि सगळ्यात मोठी खाण म्हणजे आपलंच घर. बाबांच्या, काकांच्या कपाटात वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांत झोपलेला १९८५ सालचा स्वेटर एकदा काढून बघा.

निवडायचा कसा, घालायचा कसा

हे सगळं वाचून कुणी रविवारी निघालाच, तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

लेबल वाचा. लोकर सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या खाली नको. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि ती आपोआप विझते, चिमटीत धरली तर राख भुगा होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

स्वेटर उजेडासमोर धरा. कसरीची भोकं लगेच दिसतात. एखाददुसरं भोक असेल तर घाबरू नका, रफू करणारे कारागीर अजून आहेत आणि त्यांच्यासारखं काम कुठलंही मशीन करत नाही. पण भोकांची चाळण असेल तर सोडून द्या. धुऊन आटलेला, नमद्यासारखा घट्ट झालेला स्वेटरही नको. तो परत मोकळा होत नाही.

खांदा बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. लांबी, बाह्या जमवता येतात, खांदा जमत नाही. आपल्याकडे "जरा मोठाच घे, आत अजून एक घालता येईल" हा जो प्रकार आहे तो लहान मुलांसाठी. तुम्ही आता वाढणार नाही आहात.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. कसर असेल तर मरते. मग गार पाण्यात, लोकरीच्या सौम्य साबणानं धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. दोरीवर टांगलात तर तुमच्या स्वेटरचा झगा होईल.

आता दिसण्याबद्दल. मराठी माणसाच्या स्वेटरची मोठी अडचण म्हणजे शाळा. मरून, नेव्ही ब्लू किंवा बॉटल ग्रीन रंगाचा, व्ही गळ्याचा, साधा स्वेटर पांढऱ्या शर्टावर चढवला की माणूस चाळीस वर्षांचा असला तरी आठवी ब मधला दिसतो. उपाय सोपा आहे. त्याच रंगाचा गोल गळ्याचा घ्या, किंवा वेणीच्या विणीचा. आत पांढऱ्याऐवजी डेनिमचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट. बटणांचा जाडसर कार्डिगन असेल तर ब्लेझरची गरजच उरत नाही, क्लायंट मीटिंगलाही चालतो. नक्षीचा स्वेटर असेल (शेटलंड बेटांवरच्या फेअर आयलचा, १९२०च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सनं घातला म्हणून जगभर गेलेला) तर बाकी सगळं अगदी शांत ठेवा. एका वेळी एकाच कपड्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मुलींसाठी: बाबांचा जुना स्वेटर कुर्त्यावर, बाह्या दोन घड्या दुमडून आणि गळ्यात एखादी सुती ओढणी. यापेक्षा देखणा हिवाळी वेष मी पाहिलेला नाही.

आमच्या ऑफिसात सगळ्यात नीटनेटके, थरांचं गणित अचूक कळणारे कपडे कोण घालत असेल तर नागालँडहून आलेले दोघं. तिकडे सेकंडहँड कपड्यांचे बाजार कितीतरी वर्षांपासून आहेत आणि तिथून कपडे घेण्यात कुणाला काही वाटत नाही. गठ्ठ्यातून नेमकं हुडकून काढणं हे तिकडे कौशल्य मानलं जातं. आपण मात्र त्यांना विचारतो, "हे तुम्ही बाहेरून मागवता का?"

आता ती "शी"

आक्षेप पहिला: स्वच्छता. जंतू असतात म्हणे. मंडळी, तुम्ही रेल्वेच्या एसी डब्यात ब्लँकेट पांघरून झोपता. ती ब्लँकेटं महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असं २०२४ साली खुद्द रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. किमान एकदा! तुम्ही हॉटेलातल्या गादीवर लोळता, मित्राच्या लग्नात भाड्याची शेरवानी घालता, बाइक टॅक्सीवाल्याचं हेल्मेट डोक्यात घालता. मॉलमधला 'नवा' शर्ट तुमच्याआधी ट्रायल रूममध्ये किती जणांनी अंगावर चढवला ते कधी मोजलंय? धुतलेल्या स्वेटरला काही होत नाही. हा आक्षेप खरा नाही, तो पुढे केलेला आहे.

आक्षेप दुसरा: मेलेल्या माणसाचा असेल तर? ही शंका जगभर आहे. घानामध्ये पाश्चात्त्य देशांतून आलेल्या जुन्या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस टाकून देईल हे तिथल्या लोकांना सुरुवातीला पटलंच नाही. असेलही एखादा मेलेल्या माणसाचा. तुमचं वाड्यातलं घर, आजीच्या बांगड्या, आजोबांचं घड्याळ, हे कुणाचं होतं? तिथे आपण त्याला वारसा म्हणतो.

आक्षेप तिसरा, आणि खरा: "तुला काय कमी आहे? लोक काय म्हणतील?"

इथे जरा थांबू या. वापरलेल्या कपड्याचं आपल्याला सरसकट वावडं आहे का? अजिबात नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगाला लागलेला पहिला कपडा जुनाच होता. तान्ह्या बाळाला आपण मुद्दाम जुन्या, मऊ झालेल्या साडीची दुपटी आणि धोतराची बाळुती करतो. नवीन साडी घेतली की "तू घडी मोड" म्हणून आधी दुसरीला नेसायला देतो, आणि त्यात प्रेम असतं. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, ताईचा फ्रॉक चुलत बहिणीला. तिथे कुणाला जंतू आठवत नाहीत.

म्हणजे नियम "वापरलेलं नको" असा नाहीये. नियम असा आहे की वापरलेलं घरात फिरू शकतं, पण घराबाहेर ते फक्त वरून खाली जातं. आपण द्यायचे, त्यांनी घ्यायचे. कामवाल्या बाईंना, वॉचमनला, बोहारणीला. 'उतरलेले कपडे' हा शब्दच बघा: अंगावरून उतरलेले आणि पायरीवरूनही उतरलेले. बाजारातून जुना स्वेटर विकत घेऊन तुम्ही ऑफिसला घातलात, तर प्रवाह उलटा होतो. जे घेणाऱ्यानं करायचं ते देणाऱ्या वर्गातल्या माणसानं केलं. "शी" येते ती तिथून.

हा नियम आपोआप पडलेला नाही, तो लिहून ठेवलेला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलंय. चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत, असंही त्याच अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत हे पुस्तक जाळलं गेलं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडं कसं नेसावं, जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, स्वच्छ कसं राहावं, यावर ते बोलले. कपडा ही किरकोळ गोष्ट नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा तो कडक सूट उगाच नव्हता.

म्हणूनच या आक्षेपाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मी टाळणार नाही. ऑफिसातल्या एका मित्रानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, तुझ्यासाठी हा चॉइस आहे. माझ्या आईनं लग्न होईपर्यंत गावातल्या मोठ्या घरातले उतरलेले कपडे घातले. पहिल्या पगारात मी तिला कोरी साडी घेतली, कोरा स्वेटर घेतला. मी मरेपर्यंत जुना कपडा अंगाला लावणार नाही."

तो शंभर टक्के बरोबर आहे. हा लेख त्याच्यासाठी नाही. ज्याला पिढ्यान्पिढ्या जुनं घ्यावं लागलं, त्याला काटकसरीचं आणि पर्यावरणाचं प्रवचन देणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. कोऱ्या कपड्याची घडी मोडण्याचा पहिला हक्क त्याचा. माझं भांडण आहे ते ज्यांना प्रत्येक दिवाळीला नवीन मिळालं त्यांच्याशी, म्हणजे माझ्यासारख्यांशीच. आपल्याला जुन्या कपड्याची लाज वाटते कारण तो आपल्या मते 'त्यांचा' कपडा आहे. ही लाज मोडायची असेल तर ती आपणच मोडायला हवी. पैसे मोजून, उघडपणे, आणि झोकात.

थ्रिफ्टवाल्यांनाही दोन शब्द

गेल्या काही वर्षांत हे लोण इन्स्टाग्रामवर आलंय. 'थ्रिफ्ट' म्हटलं की लाज जाते, 'जुना बाजार' म्हटलं की राहते. चालायचंच, शब्दानं का होईना गेली तर बरंच. पण त्यातही दोन गोष्टी डोक्यात जातात.

एक म्हणजे दीडशे रुपयांचा स्वेटर धुऊन, फोटो काढून, 'व्हिंटेज' म्हणून अठराशेला विकणं. मेहनतीचे पैसे जरूर घ्या. पण लेबलवर ॲक्रिलिक असताना 'वुलन' लिहू नका.

दुसरी म्हणजे एका वेळी बारा कपडे आणून कॅमेऱ्यासमोर ओतणं. जुने असले म्हणून बारा कपडे कमी होत नाहीत, बाराच राहतात. थंडीला माणसाला तीन स्वेटर पुरतात. एक पातळ, एक मध्यम, एक नक्षीचा किंवा जाड. चौथा घेतलात तर काटकसर संपली आणि शॉपिंग सुरू झालं.

शेवटचं

आता या हिवाळ्यात करायचं काय? स्वेटर घ्या, थर जमवा, ते झालंच. पण कपाट आवरताना एक गोष्ट करा. गोळे धरलेलं, गळा लोंबलेलं ॲक्रिलिक काढून "बाईंना देऊन टाकू" असं जेव्हा तोंडावर येईल, तेव्हा ते स्वतः घालून आरशासमोर उभे राहा. तुम्हाला ते चारचौघांत घालवत नसेल तर ते दान नाही, तो कचरा आहे, आणि कचऱ्यासाठी ओला-सुका असे दोन डबे आहेत. द्यायचंच असेल तर चांगलं असताना द्या. बाईंना थंडीचं काही हवंय का, हे आधी त्यांना विचारा. हवं असेल तर नवीन घेऊन द्या, त्यांच्या पसंतीचं.

आणि जुना तुम्ही घाला.